अक्कानं राखलेली जुनी पानं

माझी थोरली बहीण प्रज्ञा, आमची अक्का, गेली. तिच्या जलदान विधीसाठी आम्ही सगळे धुळ्याला तिच्या घरी जमलो होतो. वंदना झाली, जेवणं उरकली. तिच्यासाठी आलेले निरोप भाऊजी फोनवर एकेकाला दाखवत होते. ब्राझील, केनिया, जपान, पोलंड... पाचोऱ्याचे आमचे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, बराच वेळ ते बघत बसले. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "मिलिंद, आपली प्रज्ञा नेमकं काय काम करे रे?" गलबल्यात एवढंच बोलता आलं, "नाना, ती जुनी पानं सांभाळायची." नानांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही हे दिसत होतं. आता महिना उलटलाय, मन जरा थाऱ्यावर आलंय. तेव्हा नानांना आणि तुम्हालाही नीट सांगतो.

अक्का जळगावला इंजिनिअर झाली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि लग्नानंतर धुळ्याला आली. भाऊजी तिथल्या कॉलेजात शिकवतात. ती घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायची, पण तिचा खरा जीव होता दुसऱ्या एका कामात. घर बांधताना दारं-खिडक्या कुणी स्वतः रंधत बसत नाही, तयार आणून बसवतो. सॉफ्टवेअरचेही असे तयार भाग असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात, आणि यातल्या कित्येक जगभरची माणसं मिळून बनवतात आणि सगळ्यांना मोफत देतात. अक्का अशाच एका लायब्ररीच्या गटात होती. यंत्रातलं तापमान, ओलावा मोजायचा, नोंदवायचा, काही बिघडलं तर भोंगा वाजवायचा, हे त्या लायब्ररीचं काम. ती कशी वापरायची हे सांगणारी पानं इंटरनेटवर असत, आणि ती लिहायची जबाबदारी अक्काकडे होती.

लायब्ररीची नवी आवृत्ती आली, तेव्हा गटानं ठरवलं की जुन्या आवृत्त्यांची पानं काढून टाकायची. त्यांचंही चुकीचं नव्हतं. लोक शोधत शोधत भलत्याच पानावर पोहोचायचे, जुन्या सूचना नव्या आवृत्तीला लावायचे आणि मग तक्रारी करायचे. शिवाय सगळे फावल्या वेळात काम करणारे, कोण कुठवर पुरणार? त्या बैठकीच्या दिवशी मी योगायोगानं धुळ्यात होतो. शेजारच्या खोलीतून अक्काचा आवाज ऐकू येत होता. ती कधी आवाज चढवायची नाही, त्या दिवशीही चढवला नाही. बाहेर आली तेव्हा मात्र चेहरा लाल झाला होता.

"काय झालं गं?"

"ते म्हणतात, पानं काढली की लोक आपोआप नवी आवृत्ती घेतील. अरे, ज्याचं यंत्रच जुनं आहे तो कुठून घेणार? त्याच्या हातातला कागद काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, पुढे चला..."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, हे सगळं सांभाळणार कोण? मी म्हटलं, मी."

सांभाळणं म्हणजे नुसतं ठेवून देणं नव्हे, हे मला नंतर कळलं. सगळ्यात जुन्या आवृत्तीची पानं तर हरवलीच होती. अक्कानं जगभर विचारणा केली. कुणाकडे अर्धी मिळाली, कुणाकडे मोडकी. आणि अख्खी प्रत सापडली ती जळगावात, तिच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये! तो दुरुस्त करायला ती स्वतः गेली. येताना माझ्याकडे थांबली, तेव्हा सासरहून माहेरी आल्यासारखी खुशीत होती. पानातलं प्रत्येक उदाहरण तिनं त्या-त्या आवृत्तीवर चालवून पाहिलं. रोज सकाळी, कंपनीचं काम सुरू व्हायच्या आधी. वर्षाहून जास्त काळ. प्रत्येक आवृत्तीची पानं एकदम उतरवून घेता येतील अशी सोय केली, कारण लाइट गेली की नेट जातं हे धुळ्यात राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एके दिवशी बोदवडकडचे एक आबा बसनं थेट तिच्या दारात. त्यांची केळी पिकवायची शीतखोली होती. तापमान सांभाळणारं यंत्र बंद पडलेलं, बसवून देणारा माणूस गाव सोडून गेलेला, आणि विकणारे म्हणत होते, सगळंच नवं घ्या. त्यांच्या भाच्यानं इंटरनेटवर पानं शोधून काढली आणि खाली सांभाळणारीचं गाव वाचलं... धुळे! आबांनी पुढची चौकशी केली आणि बस पकडली.

"ताई, माल आत पडेल हाये. केयी काही कोणासाठी थांबत नाही," आबा म्हणाले. त्या भागात केळीची केयी होते.

अक्कानं त्यांना पाणी दिलं, जेवायला बसवलं आणि भाच्याला फोन लावला. "घाबरू नको. पहिलं पान उघड. आता मी सांगते तसं कर." संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू झालं. आबा निघताना म्हणाले, "मले वाटलं, हे परदेशातल्या कोणाचं काम असंल." अक्का हसून म्हणाली, "त्यांचंही आहे, आबा. आणि माझंही." ही हकीकत तिनं गटाला कळवली. त्यानंतर जुनी पानं काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मग एका सकाळी अक्काच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. पानं मात्र जागेवर आहेत. गटातल्या दोघांनी ती आपणहून अंगावर घेतली आहेत.

शाळेत मधल्या सुट्टीत मी कधी कधी ती उघडतो. मराठीचा मास्तर मी, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण प्रत्येक जुन्या पानाच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी आहे. गटाला तिथे 'कालबाह्य' असा शब्द हवा होता. अक्कानं तो येऊ दिला नाही, मजकूर स्वतः लिहिला. इंग्रजीत आहे, मराठीत साधारण असा होईल: 'ही जुनी आवृत्ती आहे. नवी हवी असेल तर इकडे जा. पण तुमचं काम हिच्यावरच चालू असेल, तर तुम्ही बरोबर जागी आला आहात.'