षष्ठी की चतुर्दशी

माझा मोठा भाऊ रॉक बँडमध्ये गायचा आणि गिटार वाजवायचा. गौलीगुड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याचा सराव सुरू झाला की वरचे, खालचे आणि समोरचे असे सगळे शेजारी दार ठोठावायचे. शेवटी त्यानं शहरातच दूर तारनाक्याला एका इमारतीच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली. मागच्या वर्षी एका सकाळी तो त्या इमारतीच्या मागच्या अंगणात सापडला. तिशीही गाठली नव्हती त्यानं. गच्चीचा कठडा ठेंगणा होता आणि त्यावर बसून वाजवायची त्याला खोड होती. पोलिसांनी आकस्मिक मृत्यू म्हणून कागद मिटवले. डॉक्टरांनी डोक्याच्या जखमेबरोबर हृदय थोडं वाढलेलं होतं, असंही लिहिलं. त्या एका वाक्यानं पुढे सगळ्यांना काम पुरवलं.

मी कोर्टात वकिली करतो, त्यामुळे वादाचं मला वावडं नाही. पण कोर्टातला वाद संध्याकाळी उठतो, लोक डबे घेऊन घरी जातात. भावाच्या मरणाचा वाद उठतच नव्हता. तो जिवंत असताना ज्यांनी त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं नाही, असे लोक आता मोबाइलवर त्याच्या शेवटच्या गाण्याचा अर्थ लावत होते. त्या गाण्यात ‘खाली उतरणं बाकी आहे’ अशा अर्थाची एक ओळ होती. तीच त्याची चिठ्ठी, असं एकानं ठरवलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. ते गाणं आमच्या बिल्डिंगच्या बंद पडलेल्या लिफ्टवर होतं. मला माहीत आहे, कारण ते सुचलं तेव्हा जिन्यात गॅसचं सिलिंडर दुसऱ्या बाजूनं मी धरलं होतं. हे मी एकदा लिहिलंही. त्यावर मला उत्तर आलं की घरचे लोक असंच म्हणतात.

आईचं मत वेगळं होतं. तेराव्याला बँडचा ड्रमर आला होता. तो आमच्याच गल्लीतला, लहानपणापासून आमच्याकडे जेवणारा. त्यानं आईला सांगितलं की त्या संध्याकाळी भाऊ छातीत दुखतंय म्हणत होता. आईनं ते धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, ‘आधी झटका आला, मग तो पडला. पडला तेव्हा त्याला काही कळलंही नसेल.’ हे ती इतक्या सरळ आवाजात सांगायची की समोरचा पुढे काही विचारायचा नाही. माझं मत असं की तो कठड्यावर बसला आणि तोल गेला. संशयाचा फायदा मी परक्या अशिलालाही मागतो, भावाला का नाही मागणार?

वर्षश्राद्ध झालं आणि पितृपंधरवडा तोंडावर आला. वडिलांचं मी दर वर्षी करतोच, आता भावाचंही माझ्याकडे आलं. पंधरवड्यात गुरुजी मिळणं कोर्टात जवळची तारीख मिळण्याहून अवघड, म्हणून रविवारी दुपारी त्यांना घरी बोलावलं. त्याच वेळी ड्रमर आणि बँडमधली बास गिटार वाजवणारी मुलगी आलेली होती. भावाच्या आठवणीत कार्यक्रम करायचा होता आणि त्यांना आईची परवानगी हवी होती. ती तेलुगू घरातली मुलगी आईशी इथल्या दखनी हिंदीत बोलायची, आणि आईला ते आवडायचं.

गुरुजींनी पंचांग उघडलं आणि विचारलं, “मुलगा गेला कशानं?”

हे विचारायचं कारण गुरुजींनी समजावून सांगितलं. आजारानं, झटक्यानं गेला असेल तर त्याच्या तिथीला, म्हणजे षष्ठीला करायचं. पडून, बुडून, भाजून, वाहनाखाली येऊन किंवा स्वतःहून गेला असेल, तर तिथी कोणतीही असो, चतुर्दशीला.

“षष्ठी,” आई म्हणाली.

मी म्हणालो, “आई, पडला तो. अपघात आहे. चतुर्दशी धरावी लागेल.”

खरं तर मला या दिवसांचं फारसं काही नाही. पण इतके महिने परक्यांची मतं ऐकून माझं डोकं फिरलेलं होतं, आणि निदान आमच्या घरात तरी एक निकाल लागावा असं वाटत होतं.

मुलगी हळूच म्हणाली, “आंटी, वो हफ्ता भर से फोनाँ नै उठा रा था. खामोश हो गया था.”

“तो फोन कधीच उचलत नव्हता,” मी म्हणालो, जरा तोडूनच. तिचे डोळे भरून आले आणि मला तिचा आणखी राग आला. ती खोटं बोलत नव्हती, हेच मला नको होतं.

मग मी ड्रमरकडे वळलो. “छातीत दुखतं म्हणाला तेव्हा तू कुठं होतास?”

“खोलीतच होतो की. म्हणलता तो.”

“दवाखान्यात चल म्हणालास?”

“हौ... नाही, म्हणजे तोच नको म्हणला.”

“मग तू त्याला एकटा सोडून घरी कसा आलास?”

त्याच्या मानेवर घाम आला. साक्षीदार कधी फुटतो ते मला कळतं. मी पुढचा प्रश्न विचारणार होतो, तेवढ्यात आई म्हणाली, “पुरे. त्याला छेडू नको.”

गुरुजींना आमची दया आली असावी. ते म्हणाले, “एवढा घोळ असेल तर सर्वपित्रीला करून टाका. ज्यांचं काही माहीत नसतं, त्यांचं त्या दिवशी करतात. दोष लागत नाही.”

मला तो तोडगा पटला. समेट म्हणतात तो हाच. पण आई पहिल्यांदाच चिडली.

“माहीत नसलेल्यांत त्याला कशाला बसवता? त्याची आई बसलीय इथं.” मग तिनं विचारलं, “चुकीच्या दिवशी केलं तर काय होतं?”

“शास्त्राप्रमाणे त्याला पोचत नाही,” गुरुजी म्हणाले. “आता खरंखोटं कुणी पाहिलंय!”

आईनं हातातल्या बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, “चतुर्दशी लिहा.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती ड्रमरकडे बघत होती.

“छातीत दुखायचं तू मनानं रचून सांगितलंस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू लहान होतास तेव्हापासून बघते मी, खोटं बोलताना तू पायाचा अंगठा घासतोस.” त्यानं पाय मागे ओढून घेतला. “मी ते घेतलं. वर्षभर मला त्याचा आधार झाला. तुझ्यावर राग नाही माझा.”

“काकू, मला वाटलं...” तो म्हणाला.

“माझ्या समाधानासाठी मी लोकांना काहीही सांगेन. पण षष्ठीला पान मांडलं आणि तो चतुर्दशीचा असला, तर उपाशी राहील ना पोर.”

माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून मी पंख्याचा वेग वाढवायला उठलो.

आईनं गुरुजींना विचारलं, “तोल जाऊन पडला का आपणहून गेला, दोन्हीला दिवस तोच ना?”

“तोच.”

“मग ते दुसरं मला कुणी सांगू नका,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.