माळवदावरची माती

नांदेडला पोरांना स्थितिज ऊर्जा शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर डोंगर काढत नाही, धरणही काढत नाही. सरळ दगडाचं घर काढते, वर जाड मातीचं माळवद काढते आणि विचारते, ह्या मातीत काय आहे? काहीच नाही मॅडम, नुसती बसून आहे, म्हणतात. नुसती बसून! इतक्या वर्षांनीही हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मी हे शिकले लातूरला, बारावीच्या क्लासमध्ये. भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. पत्र्याचा लांबलचक हॉल, बाकांवर दाटीवाटीनं कोंबलेली पोरं-पोरी, सरांच्या हातात माईक. सरांनी डस्टर उचलून पुढच्या बाकावरच्या मुलाच्या डोक्यावर धरलं. म्हणाले, हे गप्प आहे, पण रिकामं नाही. उचलताना मी केलेले कष्ट ह्याच्यात साठलेत. हात सोडला की तेच वेग होऊन खाली येतील. साठलेली ती स्थितिज, वेगातली ती गतिज. एरवी हशा पिकला असता. त्या दिवशी डस्टरकडे कुणी बघितलंच नाही. सगळा हॉल माना वर करून छताकडे बघत होता. सरांनी डस्टर हळूच टेबलावर ठेवलं.

माझ्या डोळ्यांपुढे आमचं चाकूरकडचं घर आलं. दगडी भिंती, वर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात नवा थर टाकायचा. जुना कुणी काढत नसे. आधी आजोबांनी टाकली, मग वडिलांनी, आमच्या अण्णांनी. वडील डोक्यावर टोपलं घेऊन शिडी चढायचे, आई खाली टोपली भरून द्यायची. भूकंपाच्या आदल्या वर्षी त्यांनी शेवटचा थर टाकला आणि त्याच हिवाळ्यात तापानं गेले. आई रडली नाही. बायकांनी नावं ठेवली, तरी नाही.

भूकंपात पलीकडची गावं झोपेतच गाडली गेली. आमचं घर वाचलं, फक्त मधल्या खोलीची भिंत पोटुशा बाईसारखी पुढं आली. गाव पत्र्याच्या शेडमध्ये निजू लागलं. आई मात्र त्या भिंतीशेजारीच अंथरूण टाकायची. जमिनीखालून अजून अधूनमधून गुरगुर यायची, लांबून ट्रक यावा तशी, आणि रस्त्यावर ट्रक नसायचा. गुरगुरलं की फळ्यांच्या फटींतून बारीक माती ओघळून तिच्या अंथरुणावर पडायची. आई ती झटकत नसे. तळहातानं सारखी करायची आणि भाजीत मीठ जास्त झालंय इतक्या साधेपणानं म्हणायची, "तुझा बाप फिरायलाय वर." दिवसाढवळ्यासुद्धा त्या खोलीत जायला मला भीती वाटायची.

त्या तासानंतरच्या रविवारी मी गावी गेले आणि दुपारी आईला समोर बसवून सगळं सांगितलं. आजोबांनी, वडिलांनी माती वर चढवताना केलेले कष्ट संपले नाहीत, वरच साठलेत, एका हिसक्यात ते सगळे खाली येतील. तिला घाबरवायचं होतं मला. तिचा तर चेहराच उजळला.

"म्हंजे त्याचे कष्ट वरच हायत?"

"हाव," मी म्हणाले.

"मग मी हितून हलतच न्हाई."

घ्या! समजवायला गेले आणि भलतंच होऊन बसलं. मी भांडले, जेवले नाही, तशीच लातूरला परतले. अभ्यास कसला होतोय! बाहेरून एसटी गेली आणि खिडकी थरथरली, की वाटायचं, तिकडे पडलं. रोज वाटायचं.

पुढच्या खेपेला मी आवाज चढवला नाही. म्हटलं, आई, ते कष्ट कधीतरी खाली येणारच. एकदम आले तर तुझ्या अंगावर फुटतील. हातानं उतरवलेस तर तुझ्या हातांत येतील.

"अण्णांच्या कष्टानं तू मरावंस, हे त्यांना चाललं असतं का?"

सकाळी उठून पाहते तर आईनं भिंतीला शिडी लावलेली.

मजूर लावायला ती तयार नव्हती. परीक्षा झाल्यावर मीही आले. मी वर माती उकरायची, ती टोपलं डोक्यावर घेऊन उतरायची. एकदा अर्ध्या शिडीवर ती थबकली. म्हणाली, "उतरताना ढकलतंय गं. मागून कुणाचा हात हाय जणू." उतरत्या ओझ्याचं गणित मला पाठ होतं. ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

ऊन पुरतं तापायच्या आत माळवद उतरलं. फळ्या निघाल्या, नुसत्या तुळया राहिल्या, मधल्या खोलीतून आभाळ दिसू लागलं. पत्रे दुसऱ्या दिवशी यायचे होते. दिवेलागणीला आईनं सवयीनं तिथंच अंथरूण टाकलं. वरचं ओझं गेलं होतं, आता भीती नव्हती. तेवढ्यात जमिनीखालून गुरगुर आली. आम्ही दोघींनी वर पाहिलं.

काही पडलं नाही. आईनं अंथरुणावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. तळहात स्वच्छ होता.

"आता वर कुणीच न्हाई," ती म्हणाली, आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.