हेडरचा पहिला भाव

मी मासळीचा व्यापारी. सातवीनंतर शाळा सुटली, बंदरावर पाट्या उचलल्या, मग लिलावात बोली लावू लागलो. आज माझ्या दोन गाड्या कुडाळला माल नेतात. हे फुशारकीसाठी सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि सरांची किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. घर कुडाळकडे, भातशेतीचं. नोकरीसाठी मालवणात भाड्याने राहत. दहा वर्षं मासे माझ्याच दुकानातून नेत. दोघांनाही फुटबॉलचं वेड. माझ्या बर्फाच्या गोदामात टीव्ही आहे, तिथे व्यावसायिक लीगचे सामने बघायचे आणि भांडायचं.

भांडण एकच. सर गुणतक्ता बघून संघांचे नंबर लावत. मी म्हणायचो, गोल हा पाटीतला वरचा थर. लिलावाला पाटी येते तेव्हा मोठी पापलेटं वर रचलेली असतात. वर बघून बोली लावणारा बुडतो. मी हात खाली घालतो. तसं संघाने फटके किती मारले, कुठून मारले, पायाने की डोक्याने, समोर किती जण आड उभे होते, हे बघा. प्रत्येक फटक्याला भाव लावा, बेरीज करा, मग नंबर सांगा.

सर माझ्याकडे बघतच राहिले. "शेटानू, मोठे लोक ह्याका अपेक्षित गोल म्हणतत. तुमका कोणी शिकवल्यान?"

"बंदरान," मी म्हटलं.

दक्षिणेकडच्या एका क्लबला तेव्हा दोन माणसं हवी होती. एक सामने बघून टिपणारा, एक ते गणितात बसवणारा. सरांनी दोघांच्या नावाने अर्ज केला, सोबत सगळ्या संघांची आमची क्रमवारी द्यायची होती. आयुष्यभर माझं नाव पावत्यांवर आलं. डोक्याच्या कामासाठी ते कागदावर येणार होतं, हे पहिल्यांदाच. मी हंगामातला प्रत्येक सामना पुन्हा लावून फटके वहीत उतरवले. प्रत्येक फटक्याचा गोल व्हायची शक्यता किती, हा आकडाही मीच द्यायचा होता, कारण जुन्या सामन्यांची मोठी माहिती आमच्याकडे नव्हती.

सर लॅपटॉप उघडून बसले. "कॉर्नरवरचो हेडर. शंभरातले किती?"

माझ्या मनात बारा होते.

"पाच," मी म्हणालो.

बंदरावर तीस वर्षं गेलेल्या माणसाला भाव विचारा, तो खरा आकडा सांगणार नाही. ज्या मालावर जीव, त्याच्याकडे नाक मुरडून बघायचं. जो नको, त्याची तारीफ करायची. हेडर, म्हणजे डोक्याने मारलेला फटका, मला सगळ्यांत मोलाचा वाटायचा, म्हणून पाच. लांबचे फटके मला कचरा वाटत, त्यांना उदारपणे आठ देऊन टाकले. सर घासाघीस करतील, मग खऱ्यावर येऊ, असं धरून चाललो. सर मी सांगेन तो आकडा तसाच टाईप करत गेले.

क्लबच्या लोकांसमोर, व्हिडिओ कॉलवर, मी ती क्रमवारी पहिल्यांदा पाहिली. कॉर्नरवर सगळ्यांना घाम फोडणारा संघ सातवा. लांबून आकाशात बॉल मारणारा संघ पहिला. पलीकडचा एक जण हसला. मी कॉल चालू असतानाच ओरडलो, "पयलो भाव कोण लिवता रे?"

"तुमी सांगितलात, ता मी लिवलंय."

"धा वर्षां माझ्याकडसून सुरमई घेतंस! एकदा तरी पयल्या भावात घेतलंस?"

"फुटबॉल म्हणजे मासळीबाजार नाय, शेटानू."

हे तो मला सांगत होता. मासळीबाजारातूनच तर आलं होतं सगळं.

क्लबने सरांना घेतलं. गणित पक्कं, फक्त आकडे चुकीच्या माणसाकडून आले, असं त्यांचं म्हणणं. जायच्या आदल्या दिवशी सर दुकानात आले. खाली बघत म्हणाले, "राग मानू नका. हेडरचो खरो आकडो काय होतो?"

गिऱ्हाइकं उभी होती. तरी मी सांगितलं. "बारा." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला मनातला आकडा सरळ दिला.

सरांनी मान डोलावली, थोडे हसले. "म्हणजे नऊ धरू?"

मी हातातला कोयता पाटावर आपटला आणि त्यांना दुकानाच्या पायरीखाली जायला सांगितलं. गिऱ्हाइकं मागे सरकली. सर गेले, त्यानंतर फोन नाही.

आता त्या क्लबच्या पानावर दर आठवड्याला क्रमवारी येते. खाली सरांचं नाव असतं. सामने बघून टिपणारा कुणी दुसराच आहे. क्रमवारी बरोबर असते. एखादा संघ तरी चुकलेला सापडेल म्हणून मी ती वरपासून खालपर्यंत वाचतो, आणि नाही सापडला की त्या दिवशी माझ्या दुकानात कुणाला काही स्वस्त मिळत नाही.