शेजारणीच्या मोरीतला गाळ

कल्याणात आमच्या आणि शेजारच्या घराला सांडपाण्याचं एकच गटार होतं. ते शेजारच्या मोरीतून निघायचं, मधल्या भिंतीखालून आमच्या परसात उतरायचं आणि विहिरीच्या कडेने आळीतल्या मोठ्या गटाराला मिळायचं. वीतभर रुंद, वर दगडांच्या लाद्या. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं होतं, "मोरीत राख टाकायची नाही, खरकटं नाही, तेलातुपाचा गाळ तर मुळीच नाही. न्हाल्यावर केसांचा गुंतवळसुद्धा उचलून बाहेर." त्यासाठी दोन्ही परसांत खड्डे होते.

शेजारीण माझ्याच वयाची. तिचा नवरा लग्नकार्यांत आचारी, त्यामुळे लग्नसराईत तेलकट कढया आणि पातेल्यांचा ढीग तिच्या मोरीशी यायचा. राख आणि काथ्या घेऊन ती एकटी घासत बसे. सासूबाईंनी तिलाही सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, खड्ड्यातच टाकते हो सगळं." माझं माहेर लांब. मनातलं बोलायला तीच एक होती. दोन्ही बाळंतपणांत तिने माझं न्हाणंधुणं केलं.

त्या वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागू लागलं. तळ गाठलाय म्हणून असेल, असं आम्ही समजलो. मग सासूबाईंना जुलाब सुरू झाले. माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत, आठवड्याने घरी यायचे. शेजारीण रोज पेज घेऊन येई, सासूबाईंचे पाय चेपत बसे. "तू जरा आडवी हो," मला म्हणायची, "मी आहे ना." आणि मी खरोखर झोपत असे.

पाचव्या दिवशी लाद्यांच्या फटींतून काळं पाणी वर आलं आणि विहिरीच्या काठापर्यंत पसरलं. वास आळीभर गेला. कोणीतरी म्युनिसिपालटीत कळवलं. मुकादम दोन माणसं घेऊन आला. त्याने भिंतीपलीकडे पाहिलं, तिकडचं पाणी सरळ वाहत होतं. दारात उभ्या शेजारणीला त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आमची मोरी स्वच्छ आहे. त्यांच्याकडे आजारपण आहे, काय काय टाकत असतील."

मी चार हातांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

माणसांनी भिंतीलगतची लादी काढली. खाली मेणासारखा घट्ट गोळा, राख आणि तूप थिजून झालेला, त्यात काथ्याचे झुपके. फोडल्यावर आतून बांबूच्या कामटीचा तुकडा निघाला. टोकाला चिंधी घट्ट बांधलेली. मुकादमाने तो उचलून धरला. "बाई, हे तुमच्या बाजूने घातलेलं नाही. पलीकडून ढोसलंय, आणि आत मोडलंय."

ती कामटी मी ओळखत होते. महिनाभर शेजारीण ती हातात घेऊन फिरायची. कशाला, असं एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "जळमटं काढते."

"अशी कामटी कुणाकडेही असते," ती म्हणाली आणि आत गेली.

विहीर उपसली, चुना टाकला. सासूबाई उठल्या, पण त्यांची ताकद पूर्वीसारखी आलीच नाही. यजमान आले, त्यांनी भिंतीखालची वाट बुजवली. शेजाऱ्यांनी आपलं गटार पुढच्या बाजूने काढून घेतलं. आळीतल्या बायका आठवडाभर तिला बोलल्या आणि विसरल्या.

दिवाळीच्या आधी ती एकदा आमच्या मागच्या दाराशी आली. रडत होती. "तुंबलं होतं गं. पाणी घरात शिरत होतं. पुढे ढकललं की जाईल, असं वाटलं."

"पेज घेऊन यायचीस, तेव्हा ठाऊक होतं तुला? सासूबाई कशाने पडल्यात ते?"

 ती म्हणाली, "दुसऱ्या दिवसापासून."

माझ्या मनात होतं ते एवढंच: मग निदान पाणी उकळून घे, एवढं तरी सांगायचं होतंस.  सासूबाईंनी आतून विचारलं, कोण आलंय. मी म्हटलं, "कोणी नाही." आणि ती तिथेच उभी असताना दार लावून घेतलं.