देवीची वकिली

घरात रेवाची टकळी अखंड चालू असते. मांजराला दटावते, बाबांच्या पूजेत मधेच प्रश्न विचारते, माझ्याशी मराठीत भांडण सुरू करून हिंदीत संपवते. पण उंबरा ओलांडला की माझ्या या लेकीच्या तोंडाला कुलूप. नऊ वर्षांची झाली तरी शाळेतल्या बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. ब्रह्मा घाटाच्या गल्लीत दुसरी मुलं आपापल्या आयांना हाका मारत धावायची, तेव्हा मी रेवाकडे पाहायची. चारचौघांत तिने एकदा मला आई म्हणावं, एवढीच माझी आस होती. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ देऊन देऊन मी थकले होते, आणि खरं सांगायचं तर देवीवरही रुसले होते.

नवरात्रात तर परीक्षाच असायची. इकडे हिंदी मुलखात आमच्या ओळखीच्या मराठी घरांत अष्टमीला कुमारिकांची पूजा होते. पाय धुऊन, हळदकुंकू लावून प्रत्येकीला विचारतात, "देवी, काय हवं?" ती मागेल ते आधी पानात वाढायचं. रेवा मान खाली घालून माझा पदर ओढायची आणि मी घाईघाईने सांगायची, "तिला खीर आवडते हो." साक्षात देवीची वकिली करणारी मी एकटीच असेन! सगळ्या हसायच्या, मीही हसायची, आणि घरी येऊन रडायची.

दुर्गाघाटावरच्या ब्रह्मचारिणी देवीच्या दर्शनाला आम्ही दोघी जायचो. एकदा देवळाच्या पायऱ्यांवर एका अनोळखी तरुणीने रेवाला नाव विचारलं. सवयीने मीच सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. रेवासमोर तळहात धरून म्हणाली, "बोलना मत. बस, ये हाथ हटाकर दिखाओ." रेवाने आधी बोटाने ढकलला, मग पाय रोवून असा रेटला की ती तरुणी मागे सरकली. रेवा खुदकन हसली. परक्या माणसासमोर हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या अंगणात ती मुलांचा कराटेचा वर्ग सुरू करणार होती. तिकडेच निघाली होती. "गली भूल गई, यहाँ निकल आई," म्हणाली. आमच्या गल्ल्यांत वाट चुकणं रोजचंच, त्यात नवल ते काय! तरी माझे हात गाभाऱ्याकडे जोडले गेले.

रेवा या दीदीकडे जाऊ लागली. आईबापांनी बाहेर थांबायचं, असा तिथे नियम होता. मी दाराबाहेर गल्लीत उभी राहायची, येणाऱ्याजाणाऱ्या सांडांना वाट देत. रेवा वाकून नमस्कार करायला शिकली, पडायला शिकली, पडून उठायला शिकली. रस्त्याने चालताना तिची मान वर दिसू लागली. बाकीची मुलं ठोशाबरोबर ओरडायची, ही नुसता श्वास सोडायची. दीदी म्हणायची, "ठीक है. साँस भी तो आवाज़ है." किती महिने असेच गेले. मी मनात देवीला विचारायची, अजून किती?

एका संध्याकाळी आतून एक खणखणीत आरोळी आली. कुणाची बाई ही पोर, म्हणून मी कौतुकाने दारातून डोकावले. दीदी माझ्याकडे बघून हसली. "आप ही की है." घराबाहेर मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, ओळखणार कशी? मी तिथेच भिंतीला टेकून रडले. त्यानंतर देवीला मुदत विचारायचं मी सोडून दिलं. तिच्या मनात येईल तेव्हा होईल, म्हटलं.

यंदाच्या अष्टमीला शेजारच्या काकूंनी रेवाचे पाय धुतले. "देवी, काय हवं?" म्हणून विचारलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि डोळे मिटले.

"आईला पण वाढा ना," रेवा म्हणाली. "कब से खडी आहे ती."

काकूंनी मला हाताला धरून तिच्या शेजारच्या पाटावर बसवलं. तुम्हाला काय वाढू, म्हणून दोनदा विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा रेवानेच सांगितलं, "आईला खीर आवडते हो."

देवळात मी अजूनही जाते. आता काही मागत नाही, हात जोडून गप्प उभी राहते.