स्वयंपाकघराखालचं तळं

नकाशा खात्यात त्याला सगळे रेघोबा म्हणत. रेघोबानं रेघ मारली की रस्त्यालाच सरळ व्हावं लागतं, अशी थट्टा चाले. उपनगराचा जुना नकाशा काचेच्या टेबलावर पसरायचा, खालून दिवा लावायचा, वर पारदर्शक कागद ताणायचा आणि जे टिकलंय तेवढंच गिरवायचं, हे त्याचं काम. जे गेलं ते आपोआप मागं राहायचं.

एक दिवस साहेबांनी उत्तरेकडच्या उपनगराचा कागद त्याच्यापुढं ठेवला. “यातलं तळं गाळून टाक. बुजवलंय ते. इमारती दाखवायच्यात तिथं.”

“बरं,” एवढंच तो म्हणाला. साहेबांना काय ठाऊक, त्या तळ्यात त्याचा धाकटा भाऊ होता.

लहानपणी ते त्या तळ्याकाठीच राहायचे. अडकलेला पतंग सोडवायला धाकटा पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. पाणबुडे आले, गळ टाकून झाले; पण तळाशी नुसता गाळ. पोराला त्यानं गिळलं ते गिळलंच. वडील त्या धसक्यानं खंगून वारले. मग मायलेक शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोल्यांत आले. तरी आई अधूनमधून बस पकडून तळ्यावर जायची, पायरीवर टेकायची, लेकराशी चार शब्द बोलून परतायची. पुढं भराव पडायला लागला, पत्र्याचं कुंपण आलं आणि तिचं जाणं खुंटलं.

त्या संध्याकाळी तो जेवता जेवता मधेच थांबला. आईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. तिनं आपलं ताट बाजूला सारलं.

“जुना, नवा, दोन्ही नकाशे आहेत ना तुझ्याकडं? मग सांग बाबा, आपली पायरी आता कुठं आली?”

दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या नकाशावर नवा कागद ठेवला. पाण्याची टाकी आणि रेल्वेचा पूल तेवढे जागेवर होते, ते जुळवले. पायरी एका इमारतीच्या तळमजल्यावर आली, मागच्या कोपऱ्यात. शेजारीच बाग होती. तिथल्या बाकावर आईला बसवून ‘हेच ते’ म्हटलं असतं तर तिला कुठं कळणार होतं? पण उभ्या आयुष्यात त्यानं रेघ इकडची तिकडं केली नव्हती. आईपुढं तर जीभच रेटली नसती.

तो आईला घेऊन त्याच इमारतीत गेला. दार एका तरुण बाईनं उघडलं. कडेवर मूल. त्यानं अडखळत सगळं सांगितलं. ती दारातून बाजूला झाली, म्हणाली, “या आजी.”

मागचा कोपरा म्हणजे तिचं स्वयंपाकघर. आई ओट्याजवळ फरशीवर बसली. तिनं भिंतीला हात लावला.

“ओल येते का गं इथं?”

“येते ना. कितीदा रंग दिला, टिकतच नाही.”

आईनं तळवा तसाच भिंतीला टेकवून ठेवला. “थंडी वाजते का रे?” ती हळूच म्हणाली. ती कुणाशी बोलतेय ते त्या बाईला कळलं. तिनं मुलाला घट्ट धरलं.

निघताना ती बाई दारापर्यंत आली. “आजी, रागवू नका. पण माझं बाळ त्याच फरशीवर रांगतं. मला आता तिथं उभं राहवेल की नाही कोण जाणे. पुन्हा येऊ नका.”

“खरं आहे तुझं, पोरी,” आई म्हणाली. “तुझं घर आहे ते.” तिनं बाळाच्या गालाला बोटं लावून आपल्या कपाळावर मोडली आणि भिंत धरत धरत बाहेर पडली.

नवा नकाशा छापून आला. तळ्याच्या जागी नीटनेटक्या चौकटी. साहेबांनी कामाची तारीफ केली.

आईनं त्यानंतर तळ्याचं नाव काढलं नाही. धाकट्याचंही नाही. रेघोबानं एकदा मुद्दाम विषय काढला, “तो हसायला लागला की कसा गुडघ्यांवर थापा मारायचा, आठवतं?” आईनं भाजी निवडता निवडता मान हलवली आणि म्हणाली, “जाऊ दे आता.”

वर्ष सरायच्या आत तीही गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले. धाकट्याचं हसणं कसं होतं ते माहीत असलेलं घरात आता तो सोडून कुणी उरलं नव्हतं, आणि ते कुणाला सांगावं हे त्याला सुचत नव्हतं.