हात थरथरत नाही म्हणून

माझ्या आत्याला, राहीबाईला, कंपवात आहे, पण तिचा हात थरथरत नाही. थरथरला असता तर बरं झालं असतं, असं मी रागानं म्हणते. हातातली कपबशी वाजली असती, चार माणसांनी ती ऐकली असती आणि 'बाई आजारी आहे' एवढं तरी तिच्या पदरात पडलं असतं. तिचा आजार आतल्या आत कारभार करतो. खांदा ठणकतो, पोटरीत गोळा येतो, आणि सकाळी उठताना डाव्या पायाची बोटं अशी आत वळतात की पाऊल जमिनीला टेकवत नाही. एवढं सगळं होऊन बाई गप्प. आमच्याकडे गप्प बसणाऱ्या बाईला काही होत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज असतो.

आत्याचं सासर कोरेगावजवळच्या एका खेड्यात. ऊस आहे, विहिरीला पाणी आहे, मुलगा शंभूराज फौजेत आहे. गोठ्यात म्हशी आहेत आणि त्यातली एक थोरली म्हैस आत्याशिवाय कुणाच्याच हाताला पान्हवत नाही. पारडी होती तेव्हापासून आत्यानं तिला वाढवलेली. दुसरं कुणी धारेला बसलं की दूध वर चढवते आणि लाथ झाडते. आत्याचे यजमान नानासो, आमचे मामा, यांना या गोष्टीचं कोण कौतुक. आल्या-गेल्याला सांगायचे, "आमच्या हिच्या हाताबिगर थेंब देत न्हाई." मला त्या कौतुकाची चीड येते. त्या कौतुकापायीच आखडलेल्या बोटांनी ही बाई दोन्ही वेळा धारेला बसत होती, आणि उठताना दावणीचा खुंटा धरून उठत होती.

दुखणं सुरू झालं खांद्यापासून. आधी शेक झाले, सुया झाल्या. मग मामांनी शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडे नेलं. त्यानं पाठीत गुडघा रोवून हात मागे ओढला. मी तिथं होते. आत्या कळवळली, तर तो म्हणतो, "मोकळं व्हतंय." काय मोकळं झालं, डोंबल. घरी तिची जाऊ रंगुबाई पदराआडून हसत म्हणाली, "कामाच्या येळंलाच बरं दुकतं." आत्यानं ऐकलं आणि बादली उचलून गोठ्यात गेली.

शेवटी मीच तिला सांगलीला आणलं. मी विश्रामबागेत राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिथल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंनी तिला नुसतं चालायला लावलं. चालताना एक हात हलतच नव्हता. त्यांनी बोटं, मनगट, मान तपासली आणि कंपवात असल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या, उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायला बजावलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो. महिने गेले तरी खांदा तसाच, बोटं तशीच. मी फोन केला की मामा म्हणायचे, "सांगलीचं औषिद चालू हाय, तरी हिचं दुकतंयच. दुकनं हिच्या डोक्यात हाय, दुसरं काय न्हाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, या दोघांना घेऊन पुन्हा सांगलीला, आणि या खेपेला मामांनी स्वतःच्या कानांनी ऐकायचं.

डॉक्टरबाईंनी आत्याला विचारलं, "गोळी कशी घेता?" आत्यानं तोंड उघडायच्या आत मामा पुढे सरसावले. "मी सोता देतो की. भरल्या पोटी, गिलासभर म्हशीच्या दुधाबरूबर. गोळी लय कडक हाय, उष्ण पडाया नको."

आमच्याकडे कडक गोळी म्हटली की दूध आलंच. घरची म्हैस असताना नुसत्या पाण्यावर गोळी देणं म्हणजे माणसाची हेळसांड. आणि मामा खोटं बोलत नव्हते. जन्मात स्वतःच्या हातानं पाणी न घेतलेला हा माणूस चुलीपुढे बसून तिच्यासाठी दूध तापवत होता. तिनंच काढलेलं दूध.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "दुधातली प्रथिनं आणि ही गोळी पोटातून एकाच वाटेनं जातात. दूध पुढे जातं, गोळी मागे राहते. म्हणून यांना गुण आला नाही."

"आन् दुकनं?" मामांनी विचारलं.

"दुखणं खरं आहे. या आजारात ते असतंच. गोळी लागू पडली की कमी होईल, गोळीचा जोर ओसरला की परत येईल. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

त्यांना गावी सोडायला मीही एसटीत बसले. कऱ्हाड आल्यावर मामा म्हणाले, "माज्याच हातानं झालं की गं माया." मला त्यांची दया आली. ती फार दिवस टिकली नाही.

पुढच्या सुट्टीला मी गावी गेले. सकाळची वेळ होती. आत्यानं पाण्याबरोबर गोळी घेतली होती आणि ओट्यावर उन्हात बसून ती स्वतः केस विंचरत होती. तिचा हात डोक्याच्या वर गेलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हळूच म्हणाली, "माया, आत्ता दुकत न्हाई गं." मोठ्यानं बोललं तर परत येईल, असं वाटल्यासारखी बोलली.

तेवढ्यात मामा बादली घेऊन आले. चेहऱ्यावर नुसता आनंद. "बगितलंस? मोकळी झाली. चल गं, म्हस रेकतीया."

मी तोंड उघडणार होते. आत्यानं मला हातानं थांबवलं.

"आवं, ह्यो जोर घटकाभराचा हाय. दुपारी पुन्ना खांदा धरंल, तवा तुमी म्हनशीला, हिच्या डोक्यात हाय. दुकत हुतं तवर तुमची म्हस पिळली. आता दुकत न्हाई ती घटका बी तिलाच देऊ व्हय?"

"मग धार कोन काढंल?"

"तुमी बसा. न्हाईतर इकून टाका."

तिचा आवाज चढला नाही. मामा माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेवटी ते गोठ्यात गेले. थोड्याच वेळात बादली फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि मामा गुडघा धरून लंगडत बाहेर आले. पायरीवर बसले. "लाथ बसली. लय ठणकतंय गं."

आत्या वेणी घालत होती.

"ठणकत आसंल," ती म्हणाली. "बसा जरा."

तिला हे एवढं कुणी कधी म्हटलं नव्हतं.